साडेसहाच्या कार्यक्रमाची एक वाजताची प्रेस नोट

आमच्या विभागात कार्यक्रम होण्याआधीच पार पडायचा. संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडणार असेल, तर दुपारी एकपर्यंत मी टाळ्यासुद्धा वाजवून मोकळी झालेली असायचे. ‘सभागृह खचाखच भरले होते’, ‘रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली’, ‘पाहुणे भारावून गेले’, सगळं जेवणाच्या सुट्टीच्या आत. यात काही लबाडी आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणालाच वाटत नव्हतं. वर्तमानपत्रांचं संस्कृतीचं पान पाच वाजता छपाईला सुटतं. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी यायला हवी असेल, तर ती आधीच लिहून पाठवावी लागते. वर ठळक अक्षरांत लिहायचं, ‘रात्री आठनंतर प्रसिद्धीसाठी’, की झालं.

आमची संस्था देशोदेशींचे कलाकार इकडे बोलावते आणि इकडचे तिकडे पाठवते. तळमजल्यावर सभागृह, पहिल्यावर ग्रंथालय, दुसऱ्यावर भाषेचे वर्ग, आणि तिसऱ्यावर लिफ्टच्या शेजारी आमचा प्रसिद्धी विभाग. तीन टेबलं आणि थाप मारल्याशिवाय कागद न सोडणारा एक प्रिंटर. मी तिथे इंटर्न होते. वय त्रेचाळीस. बरोबरच्या दोन इंटर्न मुली बावीस वर्षांच्या. एक मला ताई म्हणायची आणि दुसरी काकू. दुसरीची हाक मला जरा कमी ऐकू यायची.

अकरा वर्षांपूर्वी मी एका पेपरात उपसंपादक होते. सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडली, मग मुलगी लहान म्हणून घरीच राहिले, मग ती मोठी झाली तरी राहिलेच. इंटर्नशिपचा फॉर्म तिनंच भरला. ‘आई, माझ्या मैत्रिणी आणि तू एकाच बॅचला,’ असं म्हणून महिनाभर घरात हसत होती. इंटर्नशिप संपली की आमच्यातल्या एकीला विभागात कायमची जागा मिळणार होती. निकाल शुक्रवारी होता, आणि मी सांगतेय तो बुधवार.

पाहुण्यांचं मनोगतही आम्हीच लिहायचो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मजकूर पाहुण्यांच्या देशाच्या कचेरीकडे जायचा, तिकडून होकार आला की आमच्या विभागप्रमुख बाई त्यावर निळ्या पेनानं खूण करायच्या. त्या खुणेनंतर स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही. विभागात नियम असा हा एकच होता. आणि होकार न यायला त्या मनोगतांत असायचं तरी काय? चार महिन्यांत मी अकरा पाहुण्यांची मनोगतं लिहिली. नऊ जण म्हणाले, ‘कलेला सीमा नसतात.’ उरलेले दोघं म्हणाले, ‘कला माणसं जोडते.’

बुधवारचे पाहुणे होते एक बाहुलीवाले. सत्तरी ओलांडलेले, लाकडी बाहुल्यांचा खेळ करणारे. त्यांचा गाजलेला खेळ ‘हसणारी म्हातारी’. गावात कर गोळा करणारा अधिकारी येतो, सगळे चळाचळा कापतात, आणि एक म्हातारी नुसती हसत सुटते. तो धमकावतो, ती हसते. तो तिचं घर मोजतो, कोंबड्या मोजतो, ती अजूनच हसते. एवढाच खेळ. त्यांची फाइल वाचताना एका जुन्या लेखात मला एक ओळ सापडली होती, की त्यांच्या स्वतःच्या गावात हा खेळ एकोणीस वर्षांत झालेला नाही. का नाही, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

सकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात आदल्या आठवड्याची कात्रणं. ‘चौदा पेपरांना नोट पाठवतो आपण. छापतात दोन. तेही शब्दकोड्याच्या खाली,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही डेस्कवर काम केलंय ना? तुम्ही स्वतः छापली असती का ही नोट?’

मला मिरच्या झोंबल्या. बाईंचं म्हणणं पुढच्या कार्यक्रमांबद्दल होतं, हे मला समजलं होतं. पण त्या गेल्यावर मी त्याच दिवसाची नोट उघडली. निळी खूण झालेली. त्या बाहुलीवाल्या आजोबांच्या तोंडची कलेची सीमा मी पुसून टाकली आणि तिथे लिहिलं : ‘हसणाऱ्या म्हातारीला मी जगभर हसवून आलो. फक्त माझ्याच गावात तिला एकोणीस वर्षं हसू दिलेलं नाही.’

मी ते तीन वेळा वाचलं. शुक्रवारचा विचार माझ्या डोक्यात नव्हता असं नाही. पण वाक्य ठेवलं ते चांगलं झालं होतं म्हणून. अकरा वर्षांत इतकं चांगलं वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं. बाईंनी फक्त मथळा, लांबी आणि संचालकांचं नाव पाहिलं. ‘बरी आहे,’ म्हणाल्या. एक वाजता नोट चौदा ठिकाणी गेली.

अडीच वाजता आजोबा मंच लावायला आले. मी फोटो काढायला आणि चहा द्यायला खाली गेले. दुभाषी म्हणून आमच्याच भाषावर्गाचे सर होते. सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी चष्मा वर सरकवणारे. आजोबा एका दांडीला बाहुल्या अडकवत होते. म्हातारीच्या बाहुलीचे डोळे बशीएवढे होते.

‘डोळे इतके मोठे का?’ मी विचारलं.

सरांनी विचारलं, आजोबा हसले आणि बरंच बोलले. सरांनी सांगितलं, ‘डोळे त्यांची बायको रंगवते. एकेचाळीस वर्षं. आता तिला कमी दिसतं, म्हणून दर नव्या बाहुलीचे डोळे थोडे मोठे होतात. ते म्हणतात, अजून दहा वर्षांनी फक्त डोळेच उरतील, बाहुली राहणार नाही.’

‘मग आजींना का नाही आणलंत बरोबर? आमच्याकडे दोघांची सोय असते.’

आजोबांनी दोन बोटं उभी केली आणि त्यातलं एक मिटलं. सर म्हणाले, ‘दोघांना एकदम सोडत नाहीत. एक बाहेर असला की दुसऱ्यानं घरी राहायचं.’ आणि आवाज खाली आणून त्यांनी स्वतःचं जोडलं, ‘ताई, हे लिहायचं नाही हं. मागच्या वर्षी त्यांच्याकडचे एक गायक परदेशात मुलाखतीत काहीतरी बोलले. साधंच होतं. परत जाताना विमानतळावरच अडवलं, आत घेतलंच नाही. ते आता याच शहरात एका धुलाईच्या दुकानात काम करतात. आई तिकडे वारली, त्यांना जाता आलं नाही. आजोबांचं विमान परवा सकाळी आहे.’

चहाचा कप मी नेमका कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढून मी बाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, त्यानं मी जास्त घाबरले.

‘खूण कुठल्या मजकुरावर होती?’

‘आधीच्या.’

‘म्हणजे त्यांच्या कचेरीनं हे वाक्य पाहिलेलं नाही.’

‘कुणीच पाहिलेलं नाही. आजोबांनीसुद्धा नाही.’

बाईंनी उठून दार लावलं. घड्याळात तीनला दहा कमी होते. ‘वाक्य काढा म्हणून कुणालाही सांगायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘काढा म्हटलं की तेच वाक्य मथळ्यात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सुधारित प्रत पाठवा. कार्यक्रमाची वेळ चुकली होती असं सांगा. वेळ बदला आणि वाक्यही गुपचूप बदला. मग एकेकाला फोन.’

मी तेच केलं. सुधारित नोटेत आजोबा पुन्हा भारावून गेले. बाजूच्या दोघी मुली काय झालंय ते न विचारता यादी वाटून घेऊन फोनला बसल्या, आणि मला काकू म्हणणारीवरचा माझा राग त्या दुपारी कायमचा गेला. चारपर्यंत तेरा पेपर झाले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होतं, ‘कुठली नोट?’ आमच्या नोटा कुणी उघडूनही बघत नाही, याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

चौदावा फोन मी स्वतःसाठी ठेवला होता. तिथला वार्ताहर म्हणजे माझा जुना सहकारी. आम्ही त्याला टाचणी म्हणायचो, कारण तो कुठेही बसला तरी कुणाला ना कुणाला टोचायचाच.

‘सुधारित बिधारित राहू दे,’ टाचणी म्हणाला. ‘मधलं वाक्य कुठे गेलं?’

‘जागा कमी पडत होती.’

‘दोन ओळींचं वाक्य काढून तीन ओळींचं घातलंस, आणि जागा कमी? कमाल आहे तुझी. एनीवे, पहिली नोट दोन वाजताच वेबसाइटवर गेली. मथळा मीच दिला. “माझ्याच गावात म्हातारीला हसायला बंदी.” जोरात वाचली जातेय.’

‘अरे, वर लिहिलं होतं, आठनंतर!’

‘तू डेस्कवर असताना आठ पाळत होते लोक. आता पाळत नाहीत.’

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट मी खुर्चीत इतकी घट्ट बसले होते की उठता येईना. मी म्हटलं, ‘काढ ती बातमी. तुझ्या पाया पडते. त्यांना परवा घरी जायचंय रे.’

त्याचा आवाज बदलला. तो दुष्ट नव्हता. ‘काढतो. पण कारण दे. एवढंच सांग, तो माणूस हे बोलला की नाही? बोलला असेल, तर त्याच्यासाठी म्हणून काढायचं की नाही ते संपादक ठरवतील. बोलला नसेल, तर तुम्ही त्याच्या तोंडी वाक्य घातलंत, आणि मग बातमी ती आहे.’

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी टाचणीला म्हटलं, ‘परत फोन करते,’ आणि फोन ठेवला.

पाच वाजता संचालक स्वतः वर आले. चार महिन्यांत ते तिसऱ्या मजल्यावर आल्याचं मी पाहिलं नव्हतं. मागोमाग सरही आले, त्यांनी बातमी फोनवर वाचली होती. संचालकांनी उभ्या उभ्याच तोडगा काढला. ‘भाषांतरात चूक झाली म्हणून कळवा. असं होतं. सगळे समजून घेतात.’

सरांनी चष्मा वर सरकवला. ‘मी भाषांतर केलेलंच नाही,’ ते म्हणाले. ‘आणि माझं राहू द्या. भाषांतर चुकलं याचा अर्थ ते मुळात काहीतरी बोलले होते. काय बोलले, असं त्यांना तिकडे विचारतील. बंद खोलीत विचारतील.’

‘मग आपण काय जाहीर करायचं? संस्था पाहुण्यांची वाक्यं मनानं लिहिते?’

सगळे प्रिंटरकडे बघत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, ‘उद्या सविस्तर खुलासा देऊ.’ संचालकांना ते पटलं. उद्या हा शब्द आमच्या संस्थेत सगळ्यांनाच पटतो. मी म्हटलं, ‘उद्यापर्यंत त्यांच्या देशात सगळ्यांनी वाचलेलं असेल.’ संचालक माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही इंटर्न ना?’ आणि खाली निघून गेले.

पावणेसहाला आजोबांच्या देशाच्या कचेरीचे गृहस्थ आले. करडा सूट, हातात फोन. पुस्तकांच्या टेबलाशी संचालक त्यांच्या स्वागताला उभे होते, मागे बाई, त्यांच्या मागे मी. आमची भाषा ते उत्तम बोलत होते, आणि अतिशय नम्रपणे बोलत होते.

‘आमच्या कलाकारांनी ही मुलाखत कुणाला दिली?’

‘त्याचं काय आहे,’ संचालक म्हणाले, ‘थोडासा गैरसमज झालाय.’

‘कुणाचा?’

संचालक खोकले. बाईंनी टेबलावरची पुस्तकं सरळ करायला घेतली. सभागृहाच्या उघड्या दारातून मला मंचावरचे आजोबा दिसत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते वाकून म्हातारीच्या चपला बसवत होते. ते पाहिलं आणि मला एकाएकी सगळ्यांचा संताप आला, संचालकांचा, बाईंचा, टाचणीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या तीन वेळा वाचलेल्या वाक्याचा.

मी पुढे झाले. ‘कुणालाच दिली नाही. ते वाक्य मी लिहिलंय. त्यांच्याशी एक शब्दही न बोलता.’

करड्या सुटानं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘असं वाक्य उगीच सुचत नाही. कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं.’

‘कुणी कशाला सांगायला हवं? आम्ही सगळ्याच पाहुण्यांची वाक्यं लिहितो. नऊ देशांच्या नऊ माणसांनी आमच्याकडे येऊन एकच वाक्य म्हटलंय. कात्रणं वर आहेत, आणून दाखवते.’

संचालकांनी डोळे मिटून घेतले. करडा सूट मात्र हसला. पहिल्यांदाच. त्याचा विश्वास बसला होता, हे मला दिसलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

‘हे तुम्ही सभागृहात सांगाल? सगळ्यांसमोर?’

‘सांगेन.’

‘छान. मग तेही दोन शब्द बोलतील.’

‘त्यांनी कशाला बोलायचं? चूक माझी आहे.’

‘वाक्य त्यांच्या नावावर आहे, बाई,’ तो म्हणाला आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसला. सर मंचाकडे गेले. त्यांनी आजोबांच्या कानाशी वाकून किती वेळ काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आजोबांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

एरवी आमच्या कार्यक्रमांना पत्रकार येत नाहीत. यायचं कशाला, बातमी आधीच मिळालेली असते. त्या संध्याकाळी वेबसाइटमुळे सहा जण आले होते, टाचणी कडेच्या खुर्चीवर. सभागृह खरोखरच भरलं होतं. मी माइकसमोर गेले आणि सांगितलं की आज जे वाक्य या पाहुण्यांच्या नावानं प्रसिद्ध झालं, ते त्यांचं नाही, ते मी माझ्या मनानं लिहिलं, त्यांना न विचारता, त्याबद्दल मी त्यांची आणि सगळ्यांची माफी मागते. मागे कुणीतरी ‘काय संस्था आहे!’ असं मोठ्यानं म्हणालं. लोक हसले. मी बाजूला होऊन पडद्याच्या कडेला थांबले. नोकरी गेली हे मला कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं, सुटले. आता ते घरी जातील.

मग आजोबा उभे राहिले. ते बोलले आणि सरांनी सांगितलं, ‘मी असं म्हणालो नव्हतो.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा खाली बसायला वळले. पहिल्या रांगेतून करडा सूट त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलला, अगदी साध्या आवाजात. सरांनी त्या शब्दांचं भाषांतर केलं नाही. नंतर मला सांगितलं : ‘आणि गावात?’

आजोबा उभेच राहिले. त्यांनी म्हातारीची बाहुली उचलून हातात घेतली, तिच्या पदराची घडी सारखी केली, आणि बोलायला लागले. थांबत थांबत. सर मागोमाग सांगत होते.

‘माझ्या गावात हा खेळ दर वर्षी होतो. शाळेच्या भिंतीला लागून मोकळी जागा आहे, तिथे. मुलं भिंतीवर चढून बसतात. गुरुजी रागावतात, पण त्यांनाही तिथूनच चांगलं दिसतं. म्हातारी हसायला लागली की आधी बायका हसतात, मग पुरुष. कर घेणारे साहेबही असतात. तेही हसतात.’

सभागृहात लोक हसले. आजोबा थांबले नाहीत. त्यांना इतकं कुणी विचारलं नव्हतं. पण तोंड उघडावंच लागलं होतं, तर मग ते सगळंच सांगायला निघाले होते.

‘माझी बायको पहिल्या रांगेत बसते. तिला आता नीट दिसत नाही. म्हणून मी म्हातारीला मंचावरून खाली उतरवतो, तिच्या अगदी जवळ नेतो, आणि तिथे हसवतो. ती हात लावून बघते. डोळे तिनंच रंगवलेले असतात, तरी दर वर्षी विचारते, ही कोण गं बाई.’

सरांनी चष्मा वर सरकवला आणि वाक्य पुरं केलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. समोरच्या बाई डोळे पुसत होत्या. करड्या सुटानंही टाळ्या वाजवल्या. त्या सभागृहात फक्त आम्हा मोजक्यांना ठाऊक होतं की गावात असा खेळ एकोणीस वर्षांत झालेला नाही, आणि त्या मोजक्यांतला एक पहिल्या रांगेत समाधानानं बसला होता.

मी पडद्याला धरून उभी होते. हे मी केलं होतं. मी चांगलं वाक्य लिहिलं, मग ते मागे घेतलं, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत त्या माणसानं दिली. एकोणीस वर्षं ते निदान गप्प तरी होते. मी त्यांना हजर पत्रकारांसमोर उभं करून हे सगळं आपल्या तोंडानं म्हणायला लावलं.

खेळ झाला. म्हातारी हसली, लोक हसले. मी पाहिलं नाही.

नंतर मी माफी मागायला मंचामागच्या खोलीत गेले. आजोबा पेटीत बाहुल्या भरत होते, सर त्यांना मदत करत होते आणि करडा सूट दारात ओव्हरकोट घेऊन थांबला होता. बाई माझ्या मागून आल्या. त्यांनी मला कोरा कागद दिला. ‘पेपरवाले विचारतायत, ते नेमकं काय बोलले. पानं थांबवून ठेवलीत. ही तुमची शेवटची नोट, पण तुम्हीच लिहा,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मला हे लिहायचं नव्हतं. मी कागद घेऊन तशीच उभी राहिले. आजोबांनी सरांना काहीतरी विचारलं, सरांनी कागदाकडे बोट दाखवून उत्तर दिलं. तेव्हा आजोबा पेटी सोडून माझ्यापाशी आले. करडा सूट दारातून ऐकत होता, त्यामुळे जे बोलायचं ते त्याच्यादेखत बोलायचं होतं.

‘ते विचारतायत, छापून येईल ना?’ सर म्हणाले.

‘हो.’

‘तर मग दोन प्रती द्या म्हणतात. परवा विमानतळावर दाखवायला लागतील. नीट लिहा म्हणतात.’

मी पेटीच्या झाकणावर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. शाळेची भिंत लिहिली, भिंतीवरची मुलं लिहिली, हसणारे साहेब लिहिले. चार महिन्यांत पहिल्यांदाच पाहुण्यांनी स्वतः उच्चारलेले शब्द मी जसेच्या तसे उतरवत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं. आजोबा शेजारी उभे राहून पेनाकडे बघत होते. त्यांना आमची लिपी येत नव्हती. मी कुठपर्यंत आले ते ते माझ्या हातावरून मोजत असावेत. मध्येच त्यांनी वाकून कागदावर बोट ठेवलं आणि सरांकडे बघून हळूच काहीतरी म्हणाले.

‘काय म्हणतात?’ मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. ‘म्हणतात, बायको पहिल्या रांगेत बसते, ते गाळू नका. तेवढं तरी तिला कुणीतरी वाचून दाखवेल.’